कार्लाइलचा एक हंगाम

मनोरच्या नाक्यावरून अशेरीच्या डोंगराकडे निघाले म्हणजे रस्त्याच्या दोन्ही अंगांस भाताची खाचरे लागतात. कापणी उरकून ती रिकामी झाली की तीच या भागातील मुलांची क्रीडांगणे होतात. दोन वर्षांपूर्वी अशाच दिवसांत या परिसरातील एका आश्रमशाळेच्या पटांगणावर मी काही वेळ फुटबॉलचा खेळ पाहत उभा होतो. बूट कोणाच्याच पायात नव्हते. मुले वारलीत एकमेकांस हाका मारीत होती, चेंडू मागत होती, चुकलेल्या गड्याची यथेच्छ हजेरी घेत होती. त्यांत एक तेराचौदा वर्षांचा काटक मुलगा होता. सगळा खेळ त्याच्या शब्दावर चालला होता. इतक्यात प्रार्थनेची घंटा झाली, रांग लागली, आणि रांगेबरोबर ती भाषाही थांबली. गुरुजींनी त्या मुलास काही साधेच विचारले, तर मघापर्यंत दहा जणांना हुकूम सोडणारा तो मुलगा खाली मान घालून शब्द शोधू लागला.

परतताना मला शंभर वर्षांपूर्वीच्या एका परदेशी शाळेची आठवण होत राहिली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात कार्लाइल नावाचे गाव आहे. तेथे अमेरिकन आदिवासींच्या मुलांसाठी, म्हणजे आपल्या जुन्या पुस्तकांत ज्यांना रेड इंडियन म्हटले जाई त्यांच्या मुलांसाठी, सरकारने एक निवासी शाळा चालविली होती. ही शाळा महाविद्यालय नव्हे. सुतारकाम, लोहारकाम, शिवण आणि प्राथमिक इयत्ता एवढाच तिचा व्याप होता. परंतु तिचा फुटबॉलचा संघ हार्वर्ड आणि पेनसिल्व्हेनिया यांसारख्या विद्यापीठांशी बरोबरीने झुंजत असे, आणि १९१२ सालच्या हंगामात तर तो देशातील पहिल्या प्रतीच्या महाविद्यालयीन संघांत गणला गेला. त्या एका हंगामाची हकीकत येथे सांगावयाची आहे. मात्र ती समजण्यास शाळा कशी निघाली हे आधी पाहावे लागते.

शाळेचा संस्थापक रिचर्ड हेन्री प्रॅट हा घोडदळातील अधिकारी. १८७५ मध्ये युद्धात पकडलेल्या सत्तरहून अधिक आदिवासींस फ्लॉरिडातील एका किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले, त्यांवर त्याची नेमणूक झाली. त्याने कैद्यांच्या बेड्या काढल्या, त्यांस इंग्रजी शिकविले, आणि या प्रयोगावरून त्याची अशी खात्री झाली की आदिवासी माणूस गोऱ्या माणसाहून बुद्धीने तिळमात्र कमी नाही. त्या काळी असे मानणारे लष्करात थोडे होते, हे प्रॅटच्या बाजूने मान्य केले पाहिजे. पण त्याच खात्रीतून त्याने जो निष्कर्ष काढला तो भयंकर होता. माणूस चांगला आहे, दोष त्याच्या आदिवासीपणाचा आहे. तेव्हा तो आदिवासीपणा मारून टाकावा म्हणजे माणूस वाचेल, असे तो उघड व्याख्यानांतून सांगत असे. १८७९ च्या ऑक्टोबरात डाकोटा प्रदेशातील ऐंशीहून अधिक मुलामुलींची पहिली तुकडी आगगाडीने कार्लाइलला आली. उतरली ती लष्कराने सोडून दिलेल्या घोडदळाच्या बराकींत.

तेथे मुलांचे लांब केस कापण्यात आले. ज्या जमातींत केस कापणे हे सुतकाचे लक्षण, त्यांतली मुले त्या रात्री रडू लागली तर नवल नाही. अंगावर गणवेश चढला. मातृभाषा बोलण्यास बंदी झाली. फळ्यावर लिहिलेल्या इंग्रजी नावांपैकी एकावर काठी टेकवावयाची आणि ते नाव आपले म्हणावयाचे, असा नामकरणाचा विधी झाला. मुलांची आल्या दिवशीची आणि पुढे काही महिन्यांनंतरची छायाचित्रे शेजारी शेजारी छापून देणगीदारांस धाडण्यात येत. सुटीत मुलांस घरी न पाठवता गोऱ्या शेतकऱ्यांकडे कामास ठेवीत, म्हणजे घरचा वारा लागावयास नको.

येथे क्षणभर आपल्या मुलखाकडे वळण्याचा मोह होतो. मनोरच्या उत्तरेस डहाणू तालुक्यात कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीस आल्या. पुढे त्यांचे आणि अनुताई वाघांचे काम या टेकडीवर स्थिरावले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा असे सुरेख नाव मिळाले. गुरे चरत आहेत, आणि मुले तेथेच दगडगोटे मांडून अंक शिकत आहेत. प्रॅटची मुलाच्या बुद्धीवर जेवढी श्रद्धा होती तेवढीच या बायांचीही होती. परंतु त्या मुलापर्यंत चालत गेल्या, आणि प्रॅटने मुलाला दीड हजार मैल ओढून आणले. शिक्षणाच्या इतिहासात या दोन वाटांतील अंतराइतके महत्त्वाचे अंतर मला दुसरे दिसत नाही.

आता खेळाकडे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, तो हातात घेऊन पळावयाचे, आणि प्रतिपक्षाने पळणाऱ्याला अंगावर झेप घेऊन पाडावयाचे. आपल्याकडील हुतुतूत पकडलेला गडी जसा रेषेकडे सरपटतो तशी दर वेळी झोंबी होते. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेले तर चेंडू आपल्याकडे राहतो, नाही तर तो दुसऱ्याचा. हा चौथा प्रयत्न १९१२ च्याच नियमांनी मिळाला. त्याआधी हा खेळ इतका राक्षसी होता की १९०५ च्या हंगामात डझनाहून अधिक तरुण प्राणांस मुकले, आणि अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांस हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन येथील पुढाऱ्यांना बोलावून समज द्यावी लागली. पुढील वर्षी चेंडू पुढे फेकण्याची परवानगी मिळाली. केवळ वजनाने भिडणाऱ्यांचे राज्य तेथपासून ढिले झाले, आणि चपळ व हुशार गड्यांस दार उघडले.

प्रॅटने प्रारंभी हा खेळ बंद केला होता, कारण एका सामन्यात त्याच्या एका विद्यार्थ्याचा पाय मोडला. मग मुले त्याच्याकडे शिष्टमंडळ घेऊन गेली. त्याने पुढे आठवणींत लिहिले आहे की त्यांच्या बोलण्याने आपण विरघळलो आणि दोन अटींवर परवानगी दिली: कोणी कितीही डिवचले तरी ठोसा मारावयाचा नाही, आणि थोड्या वर्षांत देशातील सर्वांत बलाढ्य संघास हरवावयाचे. पहिल्या अटीतील मख्खी लक्षात घ्यावी. गोऱ्या मुलाने ठोसा मारला तर तो आडदांड ठरे. कार्लाइलच्या मुलाने मारला तर त्याची सगळी जात रानटी ठरणार होती.

१८९९ साली ग्लेन वॉर्नर हा प्रशिक्षक आला. त्याला सगळे ‘पॉप’ म्हणत. त्याची बुद्धी कल्पक, आणि त्याच्या हाती आलेली मुले वजनाने हलकी पण पायांची वाऱ्यासारखी. १९०३ च्या हार्वर्डविरुद्धच्या सामन्यात या मुलांनी चेंडू एका गड्याच्या सदऱ्यात पाठीवर लपविला. हार्वर्डचे खेळाडू ज्याच्या त्याच्या अंगावर धावत असता तो गडी रिकाम्या हातांनी शांतपणे मैदान ओलांडून गेला. सामना हार्वर्डने १२–११ असा जिंकला, परंतु लोकांच्या लक्षात राहिला तो सदरा. चेंडू पुढे फेकण्याचे तंत्र १९०७ साली या संघाने असे हस्तगत केले की पेनसिल्व्हेनिया विद्यापीठास त्यांनी २६–६ ने धूळ चारली. आजचा अमेरिकन फुटबॉल जसा दिसतो त्याचा पुष्कळसा कित्ता या शाळेने घालून दिला आहे.

आणि मग या संघाचा व्यापार सुरू झाला. कार्लाइलचे स्वतःचे मैदान लहान, म्हणून संघ बहुतेक सामने परगावी खेळे. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बॉस्टन येथे लोक तिकिटे काढून येत ते ‘इंडियन’ पाहण्यासाठी. वर्तमानपत्रांत युद्धनृत्य, कुऱ्हाडी, कवटीचे कातडे सोलणे असल्या भाषेत सामन्यांची वर्णने येत. सोमवार ते शुक्रवार ज्या मुलांनी आपण कोण आहोत हे विसरावे म्हणून शिक्षा होई, त्याच मुलांचे ते असणे शनिवारी तिकिटावर विकले जाई. आपणही या बाबतीत फारसा तोरा मिरवू नये. आपल्या दिवाणखान्यांतील पडद्यांवर वारली चित्रे असतात, आणि ती काढणाऱ्यांच्या मुलाची बोली वर्गात निघाली तर आपल्याला हसू येते.

१९१२ च्या उन्हाळ्यात स्टॉकहोम येथे ऑलिंपिक सामने झाले. कार्लाइलचा जिम थॉर्प हा साक आणि फॉक्स जमातीचा तरुण पंचक्रीडा आणि दशक्रीडा या दोन्हींत पहिला आला. त्याच शाळेचा होपी जमातीचा लुई टेवानिमा दहा हजार मीटरच्या शर्यतीत दुसरा आला. टेवानिमा शाळेत कसा आला हे सांगितले पाहिजे. सरकारी शाळेस विरोध करणाऱ्या होपी पुरुषांस १९०७ साली सैनिकांच्या पहाऱ्यात कार्लाइलला धाडण्यात आले, त्यांतला तो एक. कैदी म्हणून आलेला माणूस अमेरिकेसाठी पदक घेऊन परतला.

सप्टेंबरात हंगाम सुरू झाला. पहिल्या चार सामन्यांत प्रतिपक्षाने मिळून सात गुण केले, कार्लाइलने एकशे चौऱ्याण्णव. वॉशिंग्टन अँड जेफर्सन महाविद्यालयाने मात्र त्यांस शून्यावर रोखले. तो एकच सामना बरोबरीत सुटला. पुढे सिरॅक्यूज ३३–०, पिट्सबर्ग ४५–८, जॉर्जटाउन ३४–२०, लीहाय ३४–१४. संघाचा कप्तान थॉर्प होता. परंतु मैदानावर डावाची खूण देणारा, ज्याला क्वार्टरबॅक म्हणतात तो गडी, गस वेल्श हा चिपेवा तरुण होता. त्या काळच्या नियमांप्रमाणे प्रशिक्षकास बाहेरून सूचना देण्याची मुभा नव्हती. खेळ सुरू झाला की वॉर्नर बाकावर बसलेला. पुढे काय करावयाचे हे वेल्शने ठरवावयाचे आणि दहा जणांनी ऐकावयाचे. कार्लाइलच्या सबंध दिनक्रमात उठणे, जेवणे, निजणे हे सारे बिगुलावर चाले. आदिवासी मुलांनी आपल्या बुद्धीने निर्णय घ्यावा अशी जागा त्या शाळेत मैदानाखेरीज क्वचितच असेल.

९ नोव्हेंबर १९१२ रोजी हा संघ वेस्ट पॉइंट येथे गेला. अमेरिकन लष्कराचे अधिकारी घडविणारे विद्यालय ते हेच. वुंडेड नी येथे अमेरिकन घोडदळाने लकोटांची शेकडो माणसे, बायका आणि मुले मारली त्या गोष्टीस तेव्हा बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. सामन्यापूर्वी वॉर्नरने आपल्या गड्यांस, समोरच्यांच्या बापांनी तुमच्या बापांशी लढाई केली होती, एवढीच आठवण करून दिली असे सांगतात. सांगितले असो वा नसो, ती आठवण करून देण्याची गरज नव्हती.

पहिले गुण लष्कराने केले: ६–०. मग कार्लाइलने गोल रेषा ओलांडली, थॉर्पने लाथेने एक गुण जोडला, आणि मध्यंतरास ७–६ असा फरक राहिला. वॉर्नरने या सामन्यासाठी एक नवी व्यूहरचना राखून ठेवली होती, तीत दोन्ही बगलांवर एकेक धावणारा गडी उभा असे. चेंडू कोणाच्या हाती जाईल याचा अंदाज लष्कराच्या गड्यांस येईना. त्यांचा कप्तान डेव्हर हा मोठा धिप्पाड गडी. त्याच्यासमोर जो गायन नावाचा वजनाने कितीतरी कमी असलेला चिपेवा मुलगा होता. गायनने त्यास इतके जेरीस आणले की डेव्हरने रागाने त्याच्यावर हात टाकला आणि पंचांनी त्यास मैदानाबाहेर काढले. प्रॅटची ती पहिली अट येथे पुरी झाली, आणि मोडली ती दुसऱ्या पक्षाकडून. उत्तरार्धात वीस गुण एकट्या कार्लाइलचे. अलेक्स आर्केसाने तीनदा रेषा ओलांडली. निकाल २७–६. त्या दिवशी लष्कराकडून ड्वाइट आयसेनहॉवर नावाचा एक विद्यार्थीही खेळत होता. पुढे तो दुसऱ्या महायुद्धात दोस्तांचा सरसेनापती आणि नंतर अमेरिकेचा अध्यक्ष झाला, आणि थॉर्पसारखा खेळाडू आपण पाहिला नाही असे म्हातारपणीही सांगत असे.

कादंबरी असती तर हंगाम येथेच संपला असता. पण पुढच्याच शनिवारी फिलाडेल्फियास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांस ३४–२६ ने हरविले. हंगामातील हा एकच पराभव. त्यानंतर स्प्रिंगफील्डशी जेमतेम सहा गुणांनी विजय, आणि २८ नोव्हेंबरास ब्राउन विद्यापीठाविरुद्ध ३२–०. एकंदर चौदा सामने, बारा जिंकलेले, गुण ५०४. कार्लाइलतर्फे थॉर्पचा तो शेवटचा सामना ठरला.

कारण जानेवारी १९१३ मध्ये मॅसॅच्यूसेट्समधील एका वर्तमानपत्राने छापले की थॉर्पने १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यांत नॉर्थ कॅरोलायनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. महाविद्यालयांतील पुष्कळ गोरे तरुण उन्हाळ्यात हेच करीत. फरक इतकाच की ते खोटे नाव घेत आणि थॉर्पने स्वतःचे दिले होते. आपणांस यातले काही ठाऊक नव्हते असे वॉर्नरने आणि शाळेच्या प्रमुखाने सांगितले. ते खरे मानणे जड जाते. त्यांचा सर्वोत्तम गडी दोन वर्षे कोठे होता हे त्यांनी विचारलेच नसेल काय? आपण एक साधा आदिवासी शाळकरी मुलगा होतो, जगाचे नियम आपल्याला कळत नव्हते, अशा आशयाचे पत्र थॉर्पच्या सहीने गेले. त्या पत्राचा मजकूर वॉर्नरच्या सल्ल्याने तयार झाला असे म्हणतात. मुलाने आदिवासी राहू नये म्हणून निघालेल्या शाळेस आपली मान सोडविताना त्याचे आदिवासी असणेच कामी आले. हरकत घेण्याची तीस दिवसांची मुदत केव्हाच टळली होती, तरी पदके परत घेण्यात आली. थॉर्प १९५३ साली वारला. ऑलिंपिक समितीने १९८२ साली त्यास सहविजेता मानले, आणि २०२२ मध्ये एकमेव विजेता.

या हंगामातील ज्या गड्याकडे इतिहासाने पुरेसे लक्ष दिले नाही तो मात्र गस वेल्श. त्याने शाळेच्या कारभाराविरुद्ध एक अर्ज तयार केला आणि पावणेतीनशेच्या आसपास विद्यार्थ्यांच्या सह्या जमविल्या. काँग्रेसच्या संयुक्त समितीने १९१४ च्या फेब्रुवारीत कार्लाइलला येऊन साक्षी घेतल्या. अपुरे अन्न, मुलींसुद्धा विद्यार्थ्यांस झालेली मारहाण, आणि खेळाच्या निधीची उधळपट्टी हे सारे बाहेर आले. तिकिटांच्या उत्पन्नावर उभा असलेला हा निधी शाळेच्या हिशेबाबाहेर होता. वॉर्नरला त्यातून वर्षाला ४००० डॉलर पगार आणि राहावयास घर होते. काही वर्तमानपत्रवाल्यांसही त्यातून पैसे जात. वेल्शने साक्षीत सांगितले की वॉर्नर खेळ उत्तम शिकवितो, परंतु मनुष्य म्हणून त्यास तत्त्व नाही. मैदानावर कोणत्या क्षणी कोणाच्या हाती चेंडू द्यावा हे ज्याने दोन हंगाम ठरविले, त्यानेच शाळेत सह्यांची जुळवाजुळव केली, हा मला योगायोग वाटत नाही. या मुलांना त्या काळी व्यापारी हिशेब आणि लघुलेखन शिकविणाऱ्या एक तरुण शिक्षिका होत्या, मेरिअन मूर. त्या पुढे अमेरिकेच्या मोठ्या कवयित्री म्हणून गाजल्या. थॉर्प आणि वेल्श दोघेही त्यांचे विद्यार्थी होत.

चौकशीनंतर शाळेच्या प्रमुखास जावे लागले. वॉर्नर वर्षभर राहिला आणि मग पिट्सबर्गला मोठ्या मानाने गेला. आज अमेरिकेत लहान मुलांच्या फुटबॉलची सर्वांत नावाजलेली संस्था त्याच्या नावाने चालते. कार्लाइलची शाळा १९१८ मध्ये बंद झाली. महायुद्धातील जखमींसाठी लष्करास तिच्या इमारती हव्या होत्या. एकोणचाळीस वर्षांत हजारो मुले तेथून गेली, प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेली त्यांत थोडी. आज त्या आवारात लष्कराचे युद्ध-महाविद्यालय आहे. जुने क्रीडांगण अद्याप तेथे आहे आणि त्याचे नावही ‘इंडियन फील्ड’ असेच आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या अध्यक्षांनी अशा निवासी शाळांबद्दल राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली, आणि डिसेंबरात कार्लाइल हे राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाले.

त्याच आवारात शाळेतील मुलांची कबरस्ताने आहेत. क्षयाने, गोवराने आणि घराच्या ओढीने गेलेल्या मुलांच्या सुमारे एकशे ऐंशी कबरी. १८८१ साली वायोमिंग प्रांतातील अरापाहो जमातीची काही मुले कार्लाइलला आली होती. त्यांपैकी तिघे दोन वर्षांच्या आत वारले. दगडांवर त्यांची फळ्यावरची नावे कोरली होती: डिकन्स नॉर, होरेस वॉशिंग्टन, हेज फ्रायडे. जमातीच्या लोकांनी अनेक वर्षे अर्ज केल्यावर २०१७ च्या ऑगस्टात लष्कराने कबरी उघडल्या. त्या वर्षी दोघांच्या अस्थी सापडल्या, तिसऱ्याच्या पुढल्या वर्षी. त्या विंड रिव्हरच्या काठी नेऊन पुरल्या, तेव्हा त्यांवर घातलेली नावे त्यांच्या आयांनी ठेवलेली होती. चौदा वर्षांचा तो छोटा सरदार, अकरा वर्षांचा तो घोडा, आणि नऊ वर्षांचे ते छोटे पीस.